डॉक्टरांच्या गुरूंचें शिक्षण

चौथीच्या वर्गाला भागाकार शिकवावयाचा असला, तर शिक्षकाला अध्यापनाची पदविका घ्यावी लागते. मुलांचें मानसशास्त्र वाचावें लागतें, पाठाचें टाचण काढावें लागतें, आणि मागच्या बांकावर बसलेल्या पर्यवेक्षकाची टीका मुकाट्यानें ऐकावी लागते. परंतु रोग्याचें पोट कोठें व किती उघडावें, तापानें फणफणलेल्या अर्भकाची नाडी कशी पाहावी, ही विद्या जो तरुणांना देणार, त्यालाहि शिकविण्याचें कांहीं शास्त्र अवगत असलें पाहिजे, असें विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत जगांतील वैद्यकीय महाविद्यालयांना फारसें वाटलें नव्हतें. शस्त्रवैद्याचा हात सफाईदार आहे ना, मग तो शिकवूं शकणारच, अशी समजूत होती. गंमत अशी कीं, ‘डॉक्टर’ ह्या शब्दाचा लॅटिन भाषेंतील मूळ अर्थ ‘शिकविणारा’ असाच आहे. पदवीच्या नांवांतच गुरुपण होतें. तें अंगीं आणण्याची सोय मात्र कोठें नव्हती.

ही सोय आज झालेली आहे. ‘आरोग्य-व्यवसाय-शिक्षण’ अशा नांवाचा पदव्युत्तर अभ्यासक्रम अनेक विद्यापीठांतून चालतो. त्यांत डॉक्टर, दंतवैद्य, परिचारिका, औषधनिर्माते व भौतिकोपचारतज्ज्ञ शेजारीं शेजारीं बसून अध्यापनाचा अभ्यास करतात. एका पाहणीप्रमाणें १९९६ सालीं अशा स्वरूपाचे अवघे ७ अभ्यासक्रम जगांत होते. २०१२ सालीं त्यांची संख्या ७६ झालेली होती. केस पांढरे होऊं लागलेले प्राध्यापक पुन्हां विद्यार्थी होतात, प्रबंध लिहितात, परीक्षेला बसतात. हें कशासाठीं, त्यांत काय शिकवितात, आणि त्याचा उपयोग रोग्यापर्यंत पोंचतो कीं नाहीं, ह्या तीन प्रश्नांचा विचार येथें करावयाचा आहे.

ह्या विद्येच्या इतिहासांत पहिला मान डॉक्टरांचा नाहीं. तो परिचारिकांचा आहे. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठाशीं संलग्न असें ‘टीचर्स कॉलेज’ नांवाचें शिक्षकांचें महाविद्यालय आहे. तेथें १८९९ सालीं परिचारिकांसाठीं एक खास अभ्यासक्रम सुरू झाला. इस्पितळांतील परिचर्याशाळा ज्यांनीं चालवावयाच्या, त्या मुख्य परिचारिकांना व्यवस्थापन व अध्यापन ह्या दोहोंचेंहि शिक्षण मिळावें, हा त्याचा हेतु. १९०७ सालीं त्याच महाविद्यालयांत अ‍ॅडेलेड नटिंग ह्या बाईंची प्राध्यापक म्हणून नेमणूक झाली. परिचारिकेला असें पद मिळण्याची ही जगांतील पहिलीच वेळ मानतात. भारतांतहि परिचर्येच्या एम्. एस्सी. परीक्षेच्या पहिल्या वर्षांत ‘परिचर्या-शिक्षण’ हा स्वतंत्र विषय अभ्यासावा लागतो. म्हणजे रोग्याच्या उशाशीं उभ्या असलेल्या दोघांपैकीं, शिकवावयाला शिकलें पाहिजे हें जिला आधीं उमगलें, ती परिचारिका होय.

डॉक्टरांच्या बाजूला जाग आली ती निराळ्या वाटेनें. केंटकी प्रांतांतील लुइव्हिल शहरांत अब्राहम फ्लेक्सनर नांवाचे गृहस्थ एक खासगी शाळा चालवीत असत. ते डॉक्टर नव्हते; शाळामास्तर होते. कार्नेगी प्रतिष्ठानाच्या सांगण्यावरून त्यांनीं अमेरिका व कॅनडा ह्या देशांतील १५५ वैद्यकीय शाळांची पाहणी केली आणि १९१० सालीं आपला अहवाल प्रसिद्ध केला. प्रयोगशाळा नाहीं, इस्पितळ नाहीं, केवळ फी घेऊन पदव्या वांटणें चालू आहे, असें कित्येक शाळांचें चित्र त्यांनीं निर्भीडपणें रेखाटलें. ह्या अहवालामुळें वाईट शाळा बंद पडल्या. मात्र त्याच वावटळींत कृष्णवर्णीयांच्या सातांपैकीं पांच शाळाहि बंद झाल्या, हेंहि विसरतां येत नाहीं. पुढें प्रवेशाच्या अटी कडक झाल्या, प्रयोगशाळा उभ्या राहिल्या, पूर्णवेळ प्राध्यापक आले. परंतु हे प्राध्यापक निवडले जात ते संशोधनाच्या बळावर. इमारत नवी झाली; वर्गांतील व्याख्यान जुनेंच राहिलें.

ह्या जागीं बोट ठेवलें तें जॉर्ज मिलर ह्यांनीं. न्यूयॉर्क राज्यांतील बफेलो येथील विद्यापीठांत ते वैद्यकाचे अध्यापक होते. १९५० नंतरच्या दशकांत त्यांनीं एक साधी पण त्या काळीं धीटपणाची गोष्ट केली. ते आपल्याच विद्यापीठाच्या शिक्षणशास्त्र विभागाकडे गेले आणि तेथील प्राध्यापकांना त्यांनीं वैद्यकाच्या अध्यापकांबरोबर चर्चेला बसविलें. स्टीफन एब्रहॅमसन हे त्यांपैकीं एक. त्यांचें क्षेत्र शिक्षणशास्त्राचें, रोगनिदानाचें नव्हे. एकीकडे रोग जाणणारे आणि दुसरीकडे शिकणें म्हणजे काय हें जाणणारे, अशी ही बैठक होती. ह्या उपक्रमाचें वर्णन मिलर ह्यांनीं १९५६ सालीं एका लेखांत केलें. त्याच्या मथळ्यांत ‘अध्यापनशास्त्रांतील साहस’ असे शब्द होते. साहस हा शब्द अतिशयोक्तीचा नव्हता. ज्याच्या एका शब्दावर सारा वॉर्ड हालतो, त्या माणसानें शिक्षणशास्त्राच्या पंतोजींसमोर बसून ‘आमचें व्याख्यान मुलांना कळतें कीं नाहीं?’ असा प्रश्न विचारावयाचा होता.

१९५९ सालीं मिलर शिकागो येथें इलिनॉय विद्यापीठांत गेले. तेथें वैद्यकीय शिक्षणाच्या संशोधनासाठीं एक कचेरी उघडण्यांत आली आणि पुढें त्याच ठिकाणीं आरोग्यक्षेत्रांतील अध्यापकांसाठीं पदव्युत्तर पदवीचा अभ्यासक्रम उभा राहिला. क्रिस्टीन मॅग्वायर ह्या विदुषी तेथें परीक्षांचा अभ्यास करीत. डॉक्टरांना ज्या प्रश्नांवर उत्तीर्ण करण्यांत येतें, ते प्रश्न त्यांनीं एकेक करून तपासले, आणि त्यांतील बहुतेक प्रश्न केवळ पाठांतराची परीक्षा घेतात, विचाराची घेत नाहींत, असें दाखवून दिलें. उत्तम डॉक्टर निवडण्यासाठीं लावलेली चाळण उत्तम स्मरणशक्ति तेवढी निवडीत होती!

आतां ह्या अभ्यासक्रमांत शिकवितात तें काय? पहिला धडा ‘उद्दिष्ट’ ह्या शब्दाचा. समजा, प्राध्यापकाला जुलाबानें सुकलेल्या मुलाचा उपचार शिकवावयाचा आहे. जुनी पद्धत अशी कीं, वहींत लिहावयाचें, ‘विद्यार्थ्याला जलशुष्कतेचें ज्ञान व्हावें’. ह्या वाक्यावरून विद्यार्थ्यानें नक्की काय करावयाचें, हें कोणालाच सांगतां येणार नाहीं. शिक्षणशास्त्र शिकलेला प्राध्यापक तेंच असें लिहील: ‘एक वर्षाच्या मुलाची त्वचा, डोळे व तहान पाहून शुष्कता किती आहे तें विद्यार्थी ठरवील, आणि क्षारजलाची पुडी कशी कालवावी हें मुलाच्या आईला समजावून, तिच्याकडून करवून घेईल.’ दोन्हीं वाक्यांत विषय एकच. पण दुसऱ्या वाक्याची परीक्षा घेतां येते.

हा भेद शाब्दिक नाहीं. एखादा हुशार विद्यार्थी त्या पुडींतील घटक घडाघडा म्हणून दाखवितो: मीठ २.६ ग्रॅम, ग्लूकोज १३.५ ग्रॅम, पोटॅशियम क्लोराइड १.५ ग्रॅम, ट्रायसोडियम सायट्रेट २.९ ग्रॅम. त्याला पैकीच्या पैकी गुण मिळतात. परंतु ही सबंध पुडी एक लिटर पाण्यांत कालवावयाची, हें त्यानें आईच्या गळीं उतरविलें नाहीं, आणि तिनें घरीं जाऊन ती एका पेल्यांत कालविली, तर तें तीव्र पाणी मुलाच्या रक्तांतील मिठाचें प्रमाण वाढवून त्याला अपायच करील. विद्यार्थी उत्तीर्ण झाला आणि मूल मात्र नापास झालें, असा हा प्रकार होय.

मिलर ह्यांनीं १९९० सालीं हाच विचार एका मनोऱ्याच्या रूपानें मांडला. त्याच्या चार पायऱ्या आहेत. तळाची पायरी ‘जाणतो’. दुसरी ‘कसें करावें तें जाणतो’. तिसरी ‘करून दाखवितो’. आणि शिखरावरची ‘प्रत्यक्ष करतो’. पुडीचे घटक म्हणणें ही पहिली पायरी. ती कशी कालवावी हें कागदावर लिहिणें ही दुसरी. परीक्षकांसमोर आईला शिकविणें ही तिसरी. आणि रात्रीं दोन वाजतां, बाहेर पन्नास रोग्यांची रांग असतांना, कोणी पाहत नसतांनाहि त्या आईसाठीं पांच मिनिटें काढणें ही चौथी. नेहमींच्या लेखी परीक्षेचें शिडकाव खालच्या दोन पायऱ्यांपलीकडे क्वचितच जातें.

दुसरा मोठा विषय परीक्षाशास्त्राचा. ज्यांच्या घरांत कोणी वैद्यकाची परीक्षा दिलेली आहे, त्या श्रोत्यांना तोंडी परीक्षेची तऱ्हा ठाऊक असेल. एका खोलींत कनवाळू परीक्षक, दुसऱ्या खोलींत जमदग्नि. एकाच्या वाट्याला सोपा रोगी, दुसऱ्याच्या वाट्याला सबंध वॉर्डांतील सर्वांत अवघड. निकाल लागला कीं, विद्यार्थी नशिबाला बोल लावतो, आणि पुष्कळदां त्याचें म्हणणें खरेंहि असतें. स्कॉटलंडमध्यें डंडी येथें रोनल्ड हार्डन व त्यांचे सहकारी ह्यांनीं १९७५ सालीं ह्यावर एक तोड सुचविली. एकाच रोग्यावर सारी परीक्षा घेण्याऐवजीं अनेक ठाणीं मांडावयाचीं. प्रत्येक ठाण्यावर थोडीं मिनिटें आणि एकच ठराविक काम. एका ठिकाणीं छाती तपासावयाची, दुसऱ्या ठिकाणीं क्ष-किरणचित्र वाचावयाचें, तिसऱ्या ठिकाणीं रोग्याशीं बोलावयाचें. घंटा झाली कीं विद्यार्थी पुढच्या ठाण्यावर. सर्वांना तींच कामें आणि गुण देण्याची यादी आधीं ठरलेली.

ठाणीं अनेक कां असावींत, ह्याला एक खोल कारण आहे. १९७८ सालीं एल्स्टाइन, शुल्मन व स्प्राफ्का ह्या तिघांनीं डॉक्टर विचार कसा करतात ह्यावर एक ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यांत असें दिसून आलें कीं, एका रोग्याचें निदान उत्तम करणारा डॉक्टर दुसऱ्या रोग्याचेंहि तितकेंच उत्तम करील, असा भरंवसा धरतां येत नाहीं. निदानकौशल्य ही सर्व कुलुपांना लागणारी एकच किल्ली नव्हे. तें त्या त्या रोगाच्या अनुभवाशीं बांधलेलें असतें. तेव्हां एकाच रोग्यावरून विद्यार्थ्याची किंमत ठरविणें म्हणजे एका शितावरून भाताची परीक्षा. ही म्हण स्वयंपाकघरांत खरी ठरते. परीक्षागृहांत खोटी पडते.

प्रश्नपत्रिकेचीहि परीक्षा असते, हेंहि ह्या वर्गांत शिकवितात. शंभर विद्यार्थ्यांच्या वर्गांतील वरचे २७ व खालचे २७ निराळे काढावयाचे. एखाद्या प्रश्नाचें उत्तर वरच्यांपैकीं २४ जणांना व खालच्यांपैकीं ९ जणांना आलें, तर प्रश्न चांगला. त्यानें हुशार व कच्चे निराळे केले. पण वरच्यांपैकीं १० व खालच्यांपैकीं १८ जणांनीं बरोबर उत्तर दिलें, तर खोट विद्यार्थ्यांत नसून बहुधा प्रश्नांत असते. त्याची भाषा संदिग्ध असेल, किंवा उत्तरपत्रिकेंतील ‘बरोबर’ उत्तरच चुकीचें असेल. वर्षानुवर्षें प्रश्नपत्रिका काढणाऱ्या प्राध्यापकाला हा साधा त्रैराशिकाचा हिशेब प्रथमच करावा लागतो, तेव्हां त्याची मान आपोआप खालीं जाते.

तिसरा भाग संशोधनाचा. प्रत्येक विद्यार्थि-प्राध्यापकानें आपल्याच संस्थेंतील एक अडचण निवडावयाची, तींत बदल करून पाहावयाचा, आणि फरक पडला कीं नाहीं हें मोजावयाचें. नव्या औषधाचा दावा पुराव्यावांचून न मानणारा डॉक्टर ‘माझें व्याख्यान उत्तम होतें’ हा स्वतःचा दावा मात्र पुराव्यावांचून मानीत आलेला असतो. ही विसंगति दूर करणें, हें ह्या अभ्यासाचें खरें मर्म होय.

भारतांत ह्या विचाराला जागतिक आरोग्य संघटनेचें साहाय्य लाभलें. १९७० नंतरच्या दशकांत पाँडिचेरीच्या ‘जिपमेर’ संस्थेंत अध्यापक-प्रशिक्षणाचें राष्ट्रीय केंद्र स्थापन झालें. १९९७ च्या नियमांन्वयें भारतीय वैद्यक परिषदेनें प्रत्येक वैद्यकीय महाविद्यालयांत वैद्यकीय शिक्षणाचा कक्ष असावा असें ठरविलें. कागदावर कक्ष सर्वत्र निघाले. कांहीं ठिकाणीं मात्र ते पाटीपुरतेच राहिले. मुंबईंत परळ येथील सेठ गोर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयांत २००५ सालीं फिलाडेल्फियाच्या ‘फैमर’ ह्या संस्थेच्या सहकार्यानें प्रादेशिक केंद्र उघडलें. तेथील अभ्यासक्रम दोन वर्षांचा; नोकरी सांभाळून करावयाचा. प्रत्यक्ष सत्रें थोडीं, मधला काळ पत्रव्यवहारानें व चर्चेनें काम, आणि प्रत्येकाच्या माथीं आपल्या महाविद्यालयांतील एक प्रकल्प. २०१९ सालीं देशांतील एम्. बी. बी. एस्. चा अभ्यासक्रमच क्षमतेवर आधारलेला झाला. विद्यार्थी काय जाणतो ह्यापेक्षां काय करूं शकतो, ह्याला महत्त्व आलें. तेव्हांपासून ‘उद्दिष्ट’ व ‘मूल्यमापन’ हे शब्द समजल्यावांचून प्राध्यापकाची सुटका उरली नाहीं.

ह्यावर आक्षेप आहेत, आणि ते थट्टेवारी नेण्याजोगे नाहींत. पहिला आक्षेप असा कीं, शिक्षक जन्मावा लागतो, तो घडवितां येत नाहीं. ह्यांत तथ्य आहे. पण गळाहि जन्मतःच मिळतो, म्हणून कोणी गवई तालीम चुकवीत नाहीं. शिवाय प्रश्न अलौकिक शिक्षकांचा नाहीं, तो सामान्य शिक्षकांचा आहे. २०१४ पूर्वीं देशांत ३८७ वैद्यकीय महाविद्यालयें होतीं. २०२४ पर्यंत त्यांची संख्या सातशेंच्या वर गेली. इतक्या वर्गांना पुरतील एवढे जन्मजात गुरु कोणत्याहि देशांत जन्माला येत नाहींत.

दुसरा आक्षेप वेळेचा. रोग्यांची रीघ लागलेली असतां डॉक्टरांनीं शिक्षणशास्त्राच्या पोथ्या कां वाचाव्यात? हा आक्षेप अधिक वजनदार आहे. म्हणूनच प्रत्येक अध्यापकानें ही पदवी घ्यावी असें कोणी जाणता म्हणत नाहीं. सर्वांना थोड्या दिवसांचा प्राथमिक वर्ग, आणि प्रत्येक महाविद्यालयांत चार-दोघे तरी ह्या विषयांत खोल गेलेले, अशी वांटणी समंजसपणाची ठरते. तिसरा आक्षेप परिभाषेचा. ह्या शास्त्राला बोजड शब्दांचा सोस आहे, आणि शब्द शिकलेला माणूस काम शिकलाच असें नाहीं. हा दोष मान्यच केला पाहिजे.

सर्वांत कठीण प्रश्न शेवटचा: ह्या साऱ्यानें रोग्याचें कल्याण होतें काय? येथें प्रामाणिकपणें बोलणें अवश्य आहे. १९८० ते २००२ ह्या काळांतील अध्यापक-प्रशिक्षणावरील ५३ शोधनिबंधांचा आढावा २००६ सालीं प्रसिद्ध झाला. शिकणारे अध्यापक समाधानी होते, त्यांचें ज्ञान वाढलें, वर्गांतील वागणूक बदलली, असें त्यांत आढळलें. परंतु विद्यार्थ्यांवर व संस्थेवर झालेला परिणाम फार थोड्या निबंधांनीं तपासलेला होता. प्राध्यापकापासून विद्यार्थ्यापर्यंत, विद्यार्थ्यापासून डॉक्टरापर्यंत आणि तेथून रोग्याच्या खाटेपर्यंतची सांखळी लांब आहे. तिची प्रत्येक कडी मोजणें सोपें नाहीं. तरी पण जी कडी आज कच्ची दिसते, ती दुसऱ्या कड्या मोजून होईपर्यंत तशीच राहूं द्यावी, असें कोणी शहाणा म्हणणार नाहीं.

सुशिक्षित कुटुंबांत मुलाला वैद्यकीय महाविद्यालयांत घालतांना इमारत पाहतात, फी विचारतात, खाटा किती हें विचारतात. तेथील अध्यापकांपैकीं शिकविण्याचें शिक्षण किती जणांनीं घेतलें आहे, हा प्रश्न बहुधा कोणी विचारीत नाहीं. तो विचारण्याचा हक्क पालकांना आहे, आणि रोग्यांनाहि आहे. कारण आज त्या वर्गांत बसलेला तरुण आणखी दहा वर्षांनीं कोणाच्या तरी घरचें दार वाजविणार आहे. ‘मीं काय शिकविलें’ हा प्रश्न सोडून ‘मुलाला काय आलें’ हा प्रश्न शिक्षक ज्या दिवशीं विचारूं लागतो, त्या दिवशीं त्याचें खरें अध्यापन सुरू होतें. चौथीच्या मास्तराला हें पहिल्याच वर्षीं सांगण्यांत येतें. डॉक्टरांच्या गुरूंनाहि तें सांगणारी शाळा आतां निघाली आहे. ती पाटीपुरती राहूं नये, एवढीच अपेक्षा.